वैजनाथच्या हाताची खात्री

लातूरजवळच्या आमच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत वैजनाथ मिस्त्री होता. विमानाच्या नाकावरचा प्रोपेलर सांभाळायचा. कुणी त्याला पंखा म्हटलं की चिडायचा. "पंखा नुसता वारा देतोय गुरुबसप्पा, हे इमानाला वढून नेतंय. लाकडात स्क्रू कसा घुसतो? तसं हवेत घुसतंय." मग इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला गाभा, गाभ्याला दोन पाती आणि पातं मुळापासून टोकापर्यंत पिळलेलं का, हे सगळं ऐकावं लागायचं. टोक जास्त जोरात धावतं, म्हणून तिथं कोन कमी ठेवतात. मी, गुरुबसप्पा, विमानात पेट्रोल भरणारा माणूस. वीस वर्षं हेच ऐकून कान किटले होते माझे.

पण त्याच्या हाताला तोड नव्हती. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याच्या धारेला लागला की बारीक खाच पडते. डोळ्याला ती दिसेलच असं नाही. पातं मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मारतं, त्या खाचेतून तडा जातो, आणि पातं तुटलं तर इंजिनही जागेवर राहत नाही. म्हणून वैजनाथ रोज सकाळी धारेवरून बोट फिरवायचा. खाच लागली तर कानशीनं घासून गुळगुळीत करायचा, नाहीतर म्हणायचा, "साफ हाय." तेवढ्यावर पोरं आभाळात जायची.

घरीही त्याच्या हातावर तोच भरवसा. भादव्यात त्याची बायको उमाबाई आजारी पडली. मी बघायला गेलो तर म्हणाली, "भाऊ, अंग लई दुखून राहिलंय. दवाखान्यात जाऊ म्हणलं, तर हे कपाळाला हात लावून म्हणतेत, ताप न्हाई. ह्यांच्या हाताला कळतंय की सगळं."

मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो. पाचव्या दिवशी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठं दवाखाना. तिथून ती परत आली नाही. चार दिवस अंगात ताप होता, असं डॉक्टर म्हणाले.

"खोटं बोलतोय डॉक्टर," वैजनाथ तेराव्यापर्यंत हेच म्हणत होता. "मी रोज हात लावून बघितलो."

त्याला शुगर होती, तिनं पाय बधिर झाले होते. पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि हा तसाच पुढं चालायचा. आम्ही त्यावर हसायचो. हाताचा विचार कुणीच केला नाही.

महिन्यानं तो कामावर आला. धारेवरून बोट फिरवलं, "साफ हाय" म्हणाला आणि दुसऱ्या पात्याकडे वळला. आमची इंजिनिअर करिश्मा वहीत सही करणार, तेवढ्यात थांबली.

"मामा, हे लाल काय आहे?"

वैजनाथनं फडक्यानं पुसलं. खाली ज्वारीच्या दाण्याएवढी खाच होती. मग त्यानं बोट पाहिलं. चिरलं होतं, रक्त टपकत होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

करिश्मानं विमानाचं उड्डाण थांबवलं. मी म्हटलं, "होतंय रे एखाद्या वेळेस."

त्यानं ऐकलंच नाही. तेच बोट पुन्हा खाचेवर दाबलं, आणखी जोरानं दाबलं. "कायच कळून न्हाई राहिलं, गुरुबसप्पा."

मग दोन्ही तळवे समोर धरून तो बराच वेळ बघत राहिला.

"लई तापली असंल रे ती," तो म्हणाला.