नातेवाईकाची सही

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी झेरॉक्सचं दुकान आहे. मुलं मालकाला झेरॉक्सकाका म्हणतात. वय त्रेपन्न, बोटांना कायम काळी पूड. बायकोची दोन्ही मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी निकामी झाली. आठवड्यातून तीनदा दुपारी दोनला तो शटर ओढतो आणि तिला डायलिसिसला नेतो. मूत्रपिंडासाठीच्या यादीत तिचं नाव आहे. पुढे सरकत नाही.

सोमवारी अवयवदान सप्ताह सुरू झाला. अर्ज भरणाऱ्याला दोन श्रेयांक. दुकानापुढे रांग लागली. अर्ज छातीशी धरून फोटो निघाले.

"माझं लिव्हर ज्याला बसवतील, त्याला फुकटात झिंग चढेल."

"तू डोळे देऊ नकोस रे. मेल्यावरही मुलींच्या हॉस्टेलकडेच बघतील."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे काकाने पाहिले होते. ही पोरं स्वतःच्याच मढ्याचं खात होती.

अर्जाच्या तळाशी एक रकाना असतो : जवळच्या नातेवाईकाची सही. चष्मेवाल्या मुलीने अर्ज मैत्रिणीपुढे सरकवला. "चल, आज तू माझी आई."

मैत्रीण थोराड बाईसारखी खाकरली, "जेवलीस का गं बाळा?" म्हणाली आणि सही ठोकली. रांग खिदळली. काकाला किळस आली. त्याने अर्ज काचेवरून उचलला.

"आधी आईला फोन लाव."

"काका, तुम्हाला काय करायचंय? कॉपी काढा ना."

गेल्या वर्षी अशाच खोट्या सह्यांच्या अर्जांच्या त्याने मुकाट्याने कॉप्या काढल्या होत्या. मग एके दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं : मूत्रपिंड मिळण्याची शक्यता आहे, या. बायको पहाटेपासून उपाशी, पाण्याचा थेंब नाही. दोघं बाकावर बसून होते. शेजारच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "ही माझी सहीच नाही! माझ्या लेकाला हात लावायचा नाही!" पोराने तिला कधी सांगितलंच नव्हतं. दार उघडं होतं. बाईच्या मुठीतल्या कागदाच्या कडेला काळी रेघ होती. काकाच्या मशीनच्या काचेवर ओरखडा आहे. प्रत्येक कॉपीवर ती रेघ उमटते. थोड्या वेळाने नर्स येऊन म्हणाली, "ताई, घरी जा. काहीतरी खाऊन घ्या."

रेघेचं त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. रांगेला काय सांगणार?

"फोन लाव, नाहीतर समोरच्या दुकानात जा."

मुलीने तोंड वाकडं करून फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून आई कडाडली, "शिकायला पाठवलंय की मरायला? खबरदार असलं अभद्र काही भरलंस तर!"

"बघितलंत?" मुलीने फोन कापला. "म्हणून विचारत नसतो आम्ही." अर्ज हिसकावून ती समोरच्या दुकानात गेली. मागोमाग रांगही.

पावणेदोनला बायको पिशवी घेऊन आली. पलीकडची गर्दी बघून तिने विचारलं, "काय चाललंय?"

"अवयवदानाचे अर्ज."

"अगं बाई, एवढी पोरं!" ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "मग आता आपला नंबर लागेल, नाही हो?"

काकाने बोटं फडक्याला पुसली. पूड निघाली नाही.

"चल," तो शटर ओढत म्हणाला, "उशीर होतोय."