मिनूचा बेस अन् माझं बेस

"आई, आपल्याले एक बेस शोधाचा आहे," मिनू फोनवर म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "शोध ना व मग. बेसच शोध, खराब कावून शोधते?"

पोरगी तिकडे हसून बेजार. आमच्या भंडाऱ्याकडे 'बेस' म्हणजे छान, झकास. तिचा बेस निघाला इंग्रजी. परदेशात सहा-आठ महिने घर भाड्यानं घ्यायचं, तिथूनच लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचं अन् कंटाळा आला की दुसरं शहर धरायचं. तिच्या कंपनीला म्हणे माणूस कुठं बसतो याच्याशी देणंघेणं नाही. घ्या! आमच्याकडे भिलाईत पोलादाच्या प्लांटच्या गेटातून आत गेल्याशिवाय मिनूच्या बाबांची ड्यूटी लागत नसे.

मिनूचे बाबा गेल्यापासून भिलाईतल्या कोहक्याच्या घरात मी एकटी. म्हणून तिनं तोड काढली होती. "तू माह्या संगं चाल. तीन शहरं दाखवते. एक पास कर, तिथं दोघी राहू. एकही नाही आवडलं तं मी सारं सोडून कोहक्याले येते."

झालं. रायपूरच्या विमानतळाकडे टॅक्सी निघाली तेव्हाच माझा निकाल लागला होता. तिन्ही शहरं नापास अन् पोरगी घरी! बाप गेला तेव्हा ही परक्या मुलुखात एकटी होती. ते मला अजून सलत होतं. पुन्हा तशी वेळ तिच्यावर येऊ द्यायची नव्हती.

पहिलं शहर थायलंडातलं चियांग माई. खोटं कशाला बोलू, शहर देखणं. देवळांची सोनेरी शिखरं, मागे हिरवे डोंगर, रस्त्यावर हॉर्न म्हणून नाही. पण मिनू ज्या कॉफीच्या दुकानात कामाला बसे, तिथं सगळी तरणी पोरं कानात बोंडं घालून आपापल्या लॅपटॉपमध्ये मुंडकं खुपसून बसलेली. कोणी कोणाला 'काय रे बाबा' म्हणेना. मी खाव सोई (नारळाच्या रश्शातल्या शेवया) मागवली. दोन घास खाल्ल्यावर कळलं की रश्शात माशाचं पाणी असतं. मग काय, तीन दिवस केळी अन् घरून नेलेला चिवडा. नापास करायला मला वेगळं कारण लागलं नाही.

दुसरं मलेशियातलं जॉर्जटाऊन. इथं मात्र माझी पंचाईत झाली. गल्लीच्या टोकाला समुद्र, अन् कोपऱ्यावर एक तमिळ बाई रोटी चनाई (डाळीसोबत खायचा पापुद्र्यांचा पराठा) भाजायची. तिला हिंदी येईना, मला तमिळ. तरी तिसऱ्या दिवशी मला पाहताच तिनं डाळीत वरून मिरच्या टाकल्या. "जेवण बेस आहे हं इथलं," मी बोलून गेले अन् जीभ चावली. मिनूचे डोळे लगेच चमकले. नशीब, घर पार आभाळात होतं. गॅलरीतून खाली पाहिलं अन् मी भिंत धरून आत सरकले.

"प्लांटच्या भट्टीवर चढाले तुहा बाप होता, मी नाही," मी म्हटलं. हेही नापास.

तिसरं जॉर्जियातलं तिबिलिसी. मिनू इथं आधी राहून गेलेली. बाप गेल्याचा फोन तिला इथंच आला होता, म्हणून हे शहर मी विमानातूनच नापास केलं होतं. तेव्हाचंच चौथ्या मजल्यावरचं जुनं घर, जिन्यात दळणासारखा वास. मिनूची मीटिंग चालू होती म्हणून मी कांदे आणायला खाली उतरले. परत येऊन लिफ्टमध्ये शिरले तर लिफ्ट हलेना. बटन दाबून बोट दुखलं. तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी आत आली. तिनं भिंतीवरच्या डब्यात नाणं टाकलं अन् लिफ्ट कुरकुरत चालू लागली. अरे बाप्पा! लिफ्टलाही तिकीट!

मी ऐटीत म्हटलं, "स्पासिबा." भिलाईत रशियन इंजिनियर राहायचे तेव्हा मिनूचे बाबा त्यांच्याकडून दोनच शब्द शिकले होते, स्पासिबा (धन्यवाद) अन् खराशो (छान). माझ्या हातची भाजी खाऊन ते रोज 'खराशो' म्हणायचे.

म्हातारीनं भुवया चढवल्या. "नो. मादलोबा!" आमच्या देशात आमच्या भाषेत आभार मान, असा सारा रोख. मी शहाण्यासारखं मादलोबा म्हटलं. मग तिनं मला निरखून पाहिलं. "मिनू? देदा?" देदा म्हणजे आई, हे मला नंतर कळलं. अन् बापाला म्हणतात मामा! मी नुसतं "हाव जी, मिनू" म्हटलं, तर तिनं माझे दोन्ही गाल धरले अन् ओढतच खालच्या मजल्यावरच्या तिच्या घरात नेलं. तिचं नाव मानाना. मातीच्या गाडग्यातला लोबियो (राजमा) अन् मचादी (मक्याची भाकरी) समोर आली. कांदा माझ्याच पिशवीतला.

मिनू शोधत खाली आली, तर आम्ही दोघी तीन शब्दांत गप्पा मारत बसलेल्या. ती दारातच थबकली. मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "आई, बाबा गेल्याचा फोन आला तवा मी याच खुर्चीवर होती. मानानानंच माही बॅग भरली. विमानतळापर्यंत संगं आली, माहा हात धरून."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तू विचारलंच कुठं? तू फक्त म्हणे, एकटी कावून राहते."

मला भिलाईतलं आमचं जुनं रुआबांध्याचं क्वार्टर आठवलं. माझे वडील गेल्याची तार आली तेव्हा मिनूचे बाबा ड्यूटीवर होते. शेजारच्या उडिया काकूंनी माझी पिशवी भरली, मला दुर्ग स्टेशनावर नेलं अन् गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही. त्यांची भाषा मला येत नव्हती. मला रडू फुटलं. मानानानं काही न विचारता आणखी भाकरी वाढली. मी डोळे पुसत म्हटलं, "खराशो." या वेळी तिनं भुवया चढवल्या नाहीत.

परतेपर्यंत तिबिलिसीला पास मी तोंडानं म्हटलं नव्हतं. कोहक्याचं कुलूप उघडलं तेव्हा शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अब्बड दिन म आए, दीदी!" (फार दिवसांनी आलात!) मी पाणी भरेपर्यंत मिनूनं बापाचं टेबल खिडकीजवळ ओढलं होतं अन् लॅपटॉपची वायर लावली होती.

"तिन्ही नापास ना? मग मी इथंच."

मला हवं होतं ते समोर मांडलेलं होतं, अन् ते मला पाहवेना. पोरगी खुर्चीत अशी बसली होती की जणू शाळा सुटल्यावर तिला एकटीला थांबवून ठेवलंय.

"वायर काढ," मी म्हटलं. "तुहे बाबा अन् मी भिलाईले दोन वर्सांसाठी आलो होतो. माह्या मायनं तवा मले घरी बसवलं असतं तं?"

"अन् तू?"

"मे महिन्यात इथं कूलर बी हात टेकते. तवा मी तिकडे. दिवाळीले तू इकडे."

तिचे डोळे भरून आले. "मग आपला बेस कोणता, आई?"

"दोन्ही बेस," मी म्हटलं. "मानानाले फोन लाव. सांग तिले, देदा येऊन राहिली."