गुरुवारची वीज

मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता, भोसरीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन पहिल्यांदा सौर विजेवर चाललं. दहा वाजून पाच मिनिटांनी ते बंद पडलं. सुईखाली अबोली रंगाची साडी होती. बाकावर तीन बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठली आणि म्हणाली, "ताई, राहू द्या. रस्त्यावरच्या दुकानात जनरेटर आहे."

आमच्या पुढच्या खोलीतलं दुकान माझ्या पत्नीचं. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, दोन मशीनं, एक बाक आणि कापडाच्या पिशव्या टांगायला खिळ्यांची रांग. त्याआधी चार वर्षं ती चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार होती. पाच चाळीसची बस, असेंब्ली लाइनवर आठ तास उभ्याने काम, ओव्हरटाइम असला तर बारा. गुडघे धरायला लागले तेव्हा तिने काम सोडलं आणि मशीन घेतलं. घरात तिने एकदाच सांगितलं होतं, "मी परत लाइनवर उभी राहणार नाही." तो विषय त्यानंतर निघाला नाही.

अडचण गुरुवारची होती. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कारखाने बंद, म्हणून वीजवाहिन्यांची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते. सकाळी साडेनऊच्या सुमारास वीज जाते ती पाचनंतर येते. वर्कशॉपवाल्यांची त्याला हरकत नसते. पण कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना साडी घेऊन बाहेर पडायला आठवड्यात तो एकच दिवस मिळतो. पत्नीचं जवळपास निम्मं काम गुरुवारी दारात यायचं आणि दारातूनच परत जायचं. ब्लाउजचं मशीन पायाने चालतं. पिकोचं मशीन मोटारीशिवाय चालत नाही. जानेवारीत मुख्य रस्त्यावर जनरेटरवालं दुकान सुरू झालं आणि फेब्रुवारीत आमचा बाक गुरुवारी रिकामा राहू लागला. त्याच महिन्यात कंत्राटदाराच्या माणसाचे फोन सुरू झाले. लाइनवर जागा आहे, या म्हणून.

साधा इन्व्हर्टर घेऊन रात्रीच्या विजेवर बॅटरी भरून ठेवणं सोपं होतं. त्याला घरमालकांची ना होती. ते इथल्या जुन्या गावातले, शेतीवाले. शेत वसाहतीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी या खोल्या बांधल्या. पूर्वी एका भाडेकरूने इन्व्हर्टर लावला तेव्हा मेन लाइन जळाली होती, असं ते सांगत.

"मीटर माझ्या नावावर हाय," ते म्हणाले. "त्याच्यावर ब्याटरीबिटरी चालायची न्हाई."

"मीटरला हातच लावत नाही काका," पत्नी म्हणाली. "उन्हावर चालवते."

"उन्हावर?"

"ऊन तर तुमच्या नावावर नाही ना?"

"ऊन न्हाई. पन गच्ची माझी हाय. भोक पाडायचं न्हाई. स्लॅब गळला तर तुमाला खाली करायला लावीन."

भोक पाडायचं नाही, या अटीवर परवानगी मिळाली.

पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराने वस्तू दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारले. काय काय चालवायचं? आणि किती वेळ? आमच्याकडे पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. घरी येऊन पत्नीने एक दिवस घड्याळ लावून मोजलं. मशीन दिवसभर चालू असतं असं वाटतं, पण पाय पॅडलवर असतो तेवढाच वेळ मोटार वीज खाते. फॉल लावताना टाचण्या, दुमड, दोरा बदलणं यातच बराच वेळ जातो. दिवसाचे मोटारीचे तास अडीच निघाले. मोटार शंभर वॉटची, दिवा नऊ वॉटचा. तिने पंखाही लिहिला होता. दुकानदाराने त्याच्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, पंखा आत्ता नको. आधी मशीन आणि लाइट चालू द्या. नवीन माणूस पहिल्याच दिवशी सगळं लावतो आणि मग म्हणतो, सोलर फसवं आहे."

दीडशे वॉटचं पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बारा व्होल्टची बॅटरी आणि लहान इन्व्हर्टर अशा चार वस्तू घेतल्या. त्यांचं काम त्याने टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावलं. पॅनेल वीज करतं. कंट्रोलर ती बॅटरीला झेपेल एवढीच सोडतो. बॅटरी साठवते. इन्व्हर्टर ती घरातल्या विजेसारखी करून मोटारीला देतो. वायर जाड घ्या, बारीक वायर गरम होते. बॅटरीजवळ फ्यूज लावा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, काढताना उलट. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि त्याला उतार द्या. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं. मी ते वहीत लिहिलं.

स्टँड बनवण्याचं काम वरच्या खोलीतल्या फिटरने अंगावर घेतलं. तो लातूरकडचा, जवळच्याच एका मशीन शॉपमध्ये कामाला. पत्नीला वहिनी म्हणतो, मला राव. भोक पाडायचं नव्हतं म्हणून त्याने चार पायांचा लोखंडी सांगाडा केला आणि पायांच्या चौकटीत रिजेक्ट झालेल्या ओतीव लोखंडी कास्टिंगची वजनं भरली. पहिल्या गुरुवारी आम्ही तिघांनी तो गच्चीवर चढवला. वाऱ्याने हलणार नाही याची त्याने दोन्ही हातांनी ढकलून खात्री केली. मग खिशातून पातळी बघायची स्पिरिट लेव्हल काढली आणि अर्धा तास एकेका पायाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवत बसला.

मी वही उघडून उताराचं वाक्य वाचून दाखवलं.

"राव, उतार कशाला?" तो म्हणाला. "मी लेव्हल बघायलो ना. आमच्या शॉपमध्ये स्लोप आला की जॉब रिजेक्ट. दुकानदारांना काय, ते काय पण सांगतेत."

त्याने पॅनेलच्या काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुठल्याच बाजूला गेलं नाही. चौकटीच्या आत स्थिर उभं राहिलं.

"बघा वहिनी. हलतंय का? शॉपमधल्या सरफेस प्लेटसारखं सपाट बसवलंय."

ते काम खरोखर अचूक होतं. त्याबद्दल आम्ही दोघांनीही त्याचं कौतुक केलं आणि वही बंद केली. सांगितलेल्या क्रमाने वायरी जोडल्या. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा लागला. बॅटरी भरायला आठवडा होता.

आठवड्याने, दहा वाजून पाच मिनिटांनी, इन्व्हर्टरने तीनदा शिट्टी दिली आणि मोटार थांबली. अबोली साडीवाली बाई साडी गुंडाळून घेऊन गेली. दुसरी तिच्यामागे गेली. तिसरी थांबली, कारण तिला फक्त हुक लावून हवे होते.

घरमालक दारात आले. "झालं का? म्हनलं व्हतं मी. आख्खी भोसरी गुरवारी झोपती. तुमालाच जाग कशापायी?"

"झोपू द्या काका भोसरीला," पत्नी हुक लावता लावता म्हणाली. "मला अजून झोप आलेली नाही."

सव्वादहाला कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. सोमवारपासून एक जागा आहे, हो की नाही ते सांगा. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"पुढच्या गुरुवारी सांगते," ती म्हणाली.

"ताई, जागा तोवर राहणार नाही."

"मग दुसऱ्या कोणाला द्या. विचारायचं असलं तर पुढच्या गुरुवारी विचारा."

फोन ठेवून ती गच्चीवर गेली. मी मागून गेलो. फिटर सुट्टी असल्यामुळे घरीच होता. त्यालाही तिने हाक मारून वर घेतलं.

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती रोज सकाळी सातच्या सुमारास भरून वाहते आणि तिचे शिंतोडे आमच्या पॅनेलवर पडत होते. समोरच्या शेडमध्ये ग्राइंडिंगचं काम चालतं. त्याची काळी धूळ या परिसरात सगळ्या गच्च्यांवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसते. सपाट काचेवर पाणी उभं राहिलं, त्यात धूळ पडली, दुपारी पाणी सुकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आठ दिवसांत चौकटीच्या कडेने बोटभर रुंद काळा लेप चारही बाजूंनी तयार झाला होता. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पॅनेलच्या आतले चौकोन एकामागे एक जोडलेले असतात. एक ओळ झाकली तरी पूर्ण पॅनेलची वीज खाली येते. बॅटरी आठवडाभर अर्धवटच भरत होती.

फिटरने लेप नखाने खरवडला. "धूळ पडती त्याला मी काय करू वहिनी? स्टँडमध्ये चूक काढून दाखवा."

"स्टँडमध्ये चूक नाही," पत्नी म्हणाली. "मला एक सांगा भाऊ, तुमच्या शॉपचं छप्पर लेव्हलमध्ये आहे का?"

"छप्पर कसं लेव्हलमध्ये राहील? पाणी साचंल की."

तो बोलून गेला आणि थांबला. पॅनेलकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं.

"आयला," तो म्हणाला.

"रिजेक्ट आहे का सांगा."

"रिजेक्ट नाही, रिवर्क आहे," तो म्हणाला आणि खाली हत्यारं आणायला गेला.

वीज नव्हती, त्यामुळे कटर चालणार नव्हता. त्याने पुढचे दोन पाय हॅक्सॉने हातानेच कापले. त्याला दीड तास लागला. मधे मी करवत मागितली तर त्याने दिली नाही. दक्षिण ठरवायला त्याने दोरीला नट बांधून ओळंबा सोडला. भर दुपारी त्याची सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा तिच्यावर खडूने रेघ मारली. उतार किती हवा हे पुन्हा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, आपल्या भागात अठरा-वीस अंश चालतो, फार मनावर घेऊ नका. फिटरने ते मनावर घेतलं. कोनमापक लावून साडेअठरावर आणलं आणि खाली येऊन पत्नीला सांगितलं, "साडेअठरा. अठरा नाही." स्टँड टाकीपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. तीन वाजता काच फडक्याने पुसली. त्याने पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ खाली वाहून गेलं आणि जाताना कडेची राहिलेली धूळ घेऊन गेलं.

मधल्या आठवड्यात मी रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी आणि आल्यावर कंट्रोलरवरचे व्होल्ट वहीत लिहिले. पत्नीने त्या आठवड्यात बॅटरीवर काहीही चालवलं नाही, दिवासुद्धा नाही. रविवारपासून कंट्रोलर बॅटरी पूर्ण भरल्याचं दाखवू लागला. पत्नीने जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना निरोप पाठवला. निरोपात एकच ओळ होती. गुरुवारी मशीन चालू आहे, वीज नसली तरी.

घरमालकांनी तो निरोप कोणाच्या तरी फोनवर वाचला. बुधवारी संध्याकाळी ते जिन्यात भेटले.

"लई भरवसा हाय म्हनायचा."

"आहे," ती म्हणाली.

"आन बंद पडलं तर?"

"पडलं तर परत चढेन गच्चीवर. भोक पाडणार नाही."

तिसऱ्या गुरुवारी वीज नऊ वाजून वीस मिनिटांनी गेली. मशीन चालू होतं. दोन मिनिटांत प्लग बदलला आणि ते पुन्हा चालू झालं. दहा वाजेपर्यंत बाकावर चार बायका होत्या. अकराला फिटर दारात आला, मशीनचा आवाज ऐकला आणि वर गेला. बाराच्या सुमारास अबोली साडीवाली आली. तिच्याकडे आता दुसरी साडी होती, मोरपंखी. जनरेटरवाल्याकडे आज रांग आहे, असं तिने सांगितलं.

"बसा," पत्नी म्हणाली. "तुमच्याआधी तीन आहेत."

"चालेल ना शेवटपर्यंत?"

"न चालायला काय झालं? ऊन आहे अजून."

सव्वाला कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. पत्नीने तो कानाला लावला आणि पाय पॅडलवरून काढला नाही. पलीकडचा माणूस दोनदा "ताई, आवाज येत नाही, कसला आवाज आहे?" असं म्हणाला.

"माझ्या मशीनचा," ती म्हणाली. "मी येणार नाही. पुढच्या महिन्यातही नाही."

साडेतीनला ढग आले. कंट्रोलरवरचा आकडा खाली सरकला. तिने दिवा बंद केला, बाक आत सरकवला आणि मशीन दारापाशी उजेडात ओढलं. घरमालक समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होते. चार वाजता ते उठून गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात धुळीने काळं झालेलं ओलं फडकं होतं. ते त्यांनी आमच्या दाराच्या कडीवर वाळत टाकलं आणि घरी गेले.

वीज पाच वाजून दहा मिनिटांनी आली. तोपर्यंत अकरा साड्या झाल्या होत्या आणि दोन उरल्या होत्या. बाजूच्या खोलीत टीव्ही सुरू झाला. मशीन परत मीटरच्या विजेवर घ्यायला मी भिंतीवरच्या बोर्डाकडे गेलो आणि प्लग हातात घेतला.

"राहू दे," पत्नी म्हणाली.

उरलेल्या दोन साड्या तिने बॅटरीवरच केल्या. त्या पाच वाजून पन्नास मिनिटांनी संपल्या.