शेंदूर लावलेला हद्दीचा दगड

यावलच्या बाजारात मोहाच्या फुलांचा गोड, उग्र वास आला आणि चाळीस वर्षांपूर्वीची आई डोळ्यांपुढे आली. गोऱ्या साहेबाने सातपुड्यात सरकारी जंगलाची हद्द म्हणून पुरलेल्या दगडाला आमच्या लोकांनी शेंदूर फासून देव केला होता. पलीकडून, बंदी असताना चोरून वेचलेल्या फुलांची पहिली ओंजळ त्याचीच. त्या सकाळी आई ती ठेवायला थांबली आणि जंगलखात्याच्या गार्डच्या हाती सापडली.

त्याने चपला काढून दगडाला हात जोडले. मग चपला घालून आमची टोपली उपडी केली, फुलं तुडवली.

"हाई बठ्ठं देवनं शे, भाऊ," सगळी फुलं देवाचीच म्हणत आई रडली.

"देवही सरकारीच आहे," तो हसला.

तो गेल्यावर मी दगडावर थुंकले. गार्डपुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या आईने मला फाडकन थोबाडीत मारली.