चौथी आज्ञा

आज शनिवार. प्रार्थनाघर नुकतंच सारवून झालं आहे आणि ओल्या शेणामातीचा वास माझ्या ओसरीपर्यंत आला आहे. इतरांचं मन त्या वासाने प्रसन्न होतं. मला तो सुखाने बसू देत नाही.

मानोरा गावाजवळच्या या वस्तीत मी उपदेशक म्हणून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली मुखोद्गत होती, आणि पाठांतर म्हणजेच विश्वासाची वाढ अशी माझी पक्की समजूत होती. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, कारंज्याहून महिन्यातून एकदा येत. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची परीक्षा त्यांनी माझ्यावर सोपवली होती. त्या उमेदवारांत एक विधवा म्हातारी होती. दर शनिवारी तीच हे प्रार्थनाघर सारवी, गुडघ्यांवर सरकत, कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून. रविवारी प्रभुभोजनाची, भाकर मोडून वाटायची, वेळ झाली की बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर जायचं, असा रिवाज. आपल्याच हातांनी सारवलेल्या जमिनीवरून उठून ती ओट्यावर जाऊन बसे.

चार वर्षं मी तिला नापास केलं. दहा आज्ञा तिला क्रमाने येत नसत.

“मास्तर, चोरी करू नको मन्ते तुमचं पुस्तक. मी करतच नाई, तं पाठ कायले करू?”

मंडळी हसली. “बुढे, पुढच्या साली ये,” कोणीतरी म्हणालं.

“पुढचं साल तुह्या खिशात हाय का रे?” ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं, ‘अजून परिपक्व नाही.’ अक्षर फार वळणदार आलं होतं.

मग मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं तापाने पडली. मी दार लावून स्तोत्रं म्हणत बसलो. म्हातारी कण्यांची पेज घेऊन दारोदार फिरे. माझ्याही उंबऱ्यावर गाडगं ठेवून जाई. आठव्या दिवशी तीच पडली, आणि मला बोलावणं आलं. अशा वेळी पाळकांची वाट न पाहता बाप्तिस्मा द्यायची मला मुभा होती. मी गेलो, नाकाला उपरणं लावून दारातच उभा राहिलो.

“आले का मास्तर? घाला आता पाणी. मले बी एकडाव आतल्याईत मोजा.”

मी म्हणालो, “चौथी आज्ञा सांगा.”

नियम होता म्हणून विचारलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायची मला भीती वाटली, आणि नियम हाताशी होता.

“आईबापाले मान दे...”

“ती पाचवी.”

ती हसली. “नापास का मंग? बरं. चुलीवर पेज हाय, तेवढी शेजारच्या लेकरायले द्या.”

मी तीही दिली नाही. तसाच घरी परतलो. दुसऱ्या दिवशी ती गेली. बाप्तिस्मा नव्हता म्हणून कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरली. तोही निर्णय माझाच.

चौथी आज्ञा देवाचा दिवस पवित्र पाळण्याची. तो दिवस ती आदल्या दुपारपासून गुडघ्यांवर पाळत होती, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

आता मी मंडळीचा वडील, म्हणजे तिच्या कारभाऱ्यांपैकी एक, आहे. लोक मला विश्वासात मुरलेला म्हणतात. उमेदवारांनी बाहेर जायचा रिवाज मोडावा, असं दरवर्षी मनात येतं, आणि दरवर्षी मी गप्प बसतो. उद्या भाकर मोडायच्या वेळी ते उठतील, ओट्याकडे जातील. मी सारवणातल्या बोटांच्या खुणांकडे पाहत राहीन.