आवडाबाईंच्या विहिरीला लागलेला रंग

१९५४च्या उन्हाळ्यात आंबिवलीच्या आवडाबाईंच्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं आणि भात कडू लागू लागला. त्यांनी संशय घेतला शेजारच्या मालनवर, कारण त्यांचा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असे. पण मालनचं पाणीही कडूच निघालं. मग दोघी तांब्या घेऊन चढाकडच्या एकेका विहिरीचं पाणी बघत निघाल्या. वर जावं तसा रंग गडद होत गेला, आणि शेवटी लागलं ते आवडाबाईंच्या जावयाचं, परशुरामचं घर. तो सूत रंगवायचा आणि उरलेलं रंगाचं पाणी मागच्या पडीक विहिरीत ओतायचा.

“जावई सोन्यासारखा आहे म्हणायचीस ना,” मालन म्हणाली. “रंग तर तसाच आहे.”

परशुराम म्हणाला, “मामी, ती विहीर कोरडी आहे. ओतलं की जिरतं.”

“जिरतं ते आमच्या हंड्यात येतं, जावईबापू.” जावयावर आवाज चढवायचा नाही, म्हणून आवडाबाई हे लेकीकडे बघून बोलल्या.

परशुरामने रंगाच्या पाण्यासाठी पक्का हौद बांधला. विहिरी निवळेपर्यंत तो कावडीने दोघींकडे नदीचं पाणी भरत राहिला. पहिली खेप मालनकडे टाकायची, हे आवडाबाईंनीच ठरवलं होतं.