निळी म्हैस

आठवीच्या चित्रकलेच्या तासाला मी फॉविझम शिकवत होते. पडद्यावर हिरव्या नाकाची बाई होती. “या चित्रकारांनी दिसतो तो नाही, वाटतो तो रंग लावला,” मी उत्साहाने सांगत होते.

सुलभा उभी राहिली. “बाई, पाचवीत मी म्हैस निळी रंगवली होती. तुम्ही ती वर्गाला दाखवून हसला होतात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र ते आठवतही नव्हतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. असं आणखी किती जणांना मी हसले असेन?

“चुकलंच माझं,” मी म्हणाले. “पण निळी का गं?”

“ओढ्यातून वर आली की तशी दिसायची.”

“अजून दिसते?”

“नाही बाई. आता काळीच दिसते.”